कुणाचा रे तू?

सहावीला म्हणी शिकवून झाल्या की मी दहा म्हणी देते आणि वाक्यात उपयोग करायला सांगते. तीस वर्षं हेच करते आहे. जुलैतल्या एका रात्री वह्या तपासत बसले होते. वाईचा पाऊस, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एक दिवा. तिसऱ्या बाकावरच्या मुलाची वही हातात आली. (त्याचं नाव लिहीत नाही, इथे तो तिसऱ्या बाकावरचाच.) पाचवी म्हण होती 'साठी बुद्धी नाठी'. त्याने लिहिलं होतं, 'माझी आजी मला रोज विचारते कुणाचा रे तू, म्हणजेच साठी बुध्दी नाठी.'

मी लाल पेनाने 'बुध्दी'चं 'बुद्धी' केलं, बरोबरची खूण केली आणि पुढची वही घेतली.

तीन वह्या झाल्यावर थांबले. परत त्याची वही काढली. जोडाक्षर सुधारलं होतं मी. वाक्य तसंच होतं.

आमच्याकडे 'कुणाचा रे तू' हा प्रश्न नवा नाही. गणपती आळीतून घाटाकडे जाताना ओट्यावर बसलेली कुणीही म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्या पोराला तो विचारते. पोरगं आजोबांचं नाव सांगतं, म्हातारी मान हलवते, पत्ता लागला. नाव विचारायच्या आधी घर विचारायची आपली पद्धत. पण हाच प्रश्न आपली आजी, जिच्या कुशीत आपण पहिलीपर्यंत झोपलो ती, आपल्यालाच विचारायला लागली तर अकरा वर्षांच्या मुलाने काय करायचं? त्याच्या हाताशी एक म्हण होती. ती मीच दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला काहीच बोलले नाही. वर्गाला मात्र विचारलं, घरात असं होतं तेव्हा मोठी माणसं काय म्हणतात? कोणाच्या घरात ते सांगायचं नाही, फक्त शब्द सांगायचा. पोरांनी फळा भरवला. म्हातारचळ. चळलीय. भ्रमिष्ट झालेत. सरकलंय. येडं लागलंय. नाटकं करतात. मुद्दाम करतात. दुसरं बालपण. वय झालं. एका मुलीने अगदी शांतपणे सांगितलं, 'आई म्हणते, ऐकू येत नाही असं समज.' बेचाळीसच्या पटात घरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारं कुणी असलेल्या मुलांचे हात किती, तर सहा. सातवा अर्धा वर होऊन खाली गेला. तो तिसऱ्या बाकावरचा होता.

फळ्यावरच्या शब्दांकडे बघताना मला माझं घर आठवलं. माझी आई शेवटची चार वर्षं आमच्याकडे होती. त्याआधीची दोन वर्षं आम्ही सगळी भावंडं 'वय झालं' म्हणत काढली. गॅसवर दूध उतू गेलं, वय झालं. भावाला पैसे दोनदा दिले, वय झालं. त्या म्हणीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान म्हणाल तर हे, की माणूस डॉक्टरकडेच जात नाही. थायरॉइड बिघडलं, बी-१२ कमी झालं, मनाने खचलं, तरी माणूस विसरायला लागतो, आणि यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. आईचं तसलं काही निघालं नाही, ती गोष्ट वेगळी. पण तपासायला दोन वर्षं लावली हे खरंच.

शिवाय साठीचा हिशेबही धड नाही. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने ज्या बाईच्या या विसरण्याच्या आजाराची नोंद केली, ती ऑगस्ट डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. १९१० मध्ये त्या आजाराला डॉक्टरचं नाव मिळालं. मुलांना हे सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, 'म्हणजे बाई, तुमच्याएवढी!' मी ५३ ची आहे. कौतुक वाटलं त्याच्या अंदाजाचं.

आईचा प्रश्न असायचा, 'हे आले का?' दिवेलागणीला सुरू व्हायचा. बाबा गेले १९९८ मध्ये. मी खरं बोलणारी बाई, मूल्यशिक्षणाचे तास घेणारी. मी सांगायचे, 'आई, बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली.' तिच्यासाठी ती बातमी त्या क्षणी पहिल्यांदा आलेली असायची. ती पदर तोंडाला लावून रडायची. पंधरा मिनिटांनी बातमी पुसली जायची, रडू मात्र राहायचं. का रडतोय हे न कळता ती रडत बसायची आणि मग पुन्हा, 'हे आले का?' असं मी वीसेक वेळा तरी केलं असेन. आपल्याच आईला वीस वेळा विधवा केलं.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये हे तपासून छापलं आहे. अल्झायमर झालेल्या माणसांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते त्यांना थोड्याच वेळात आठवेना, पण त्यातून आलेली भावना टिकून होती. माझ्या स्वयंपाकघरात ते रोज संध्याकाळी घडत होतं, मला फक्त वाचता येत नव्हतं.

सुटका माझ्या मुलीने केली, आणि तीही शहाणपणाने वगैरे नव्हे. नऊ वर्षांची होती. परवचा म्हणायचा कंटाळा. आजीने 'हे आले का' विचारलं की ही तिच्याजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, 'आजी, आजोबांना जेवायला काय आवडायचं गं?' मग आजी भरल्या वांग्यांवर यायची, त्यात कारळं घातल्याशिवाय हे पानावर बसायचे नाहीत तिथपर्यंत जायची, आणि परवचा राहून जायचा. दोघींचंही काम व्हायचं. मी चार दिवस कान देऊन ऐकलं आणि पाचव्या दिवशी तेच वाक्य चोरलं.

म्हणून सहावीच्या मुलांपुढे 'ज्येष्ठांचा आदर करावा' वगैरे लिहायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. त्याचं कारणही आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत (कुठल्या ते जाऊ दे) १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, आजी-आजोबांचं पाद्यपूजन ठेवलं होतं. मांडव, लाउडस्पीकर, तीस खुर्च्या, तीस ताम्हनं. एका आजोबांना घरच्यांनी आणून बसवलं होतं. आपण कुठे आहोत हे त्यांना कळत नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. नातीने पायावर गार पाणी ओतलं आणि ते दचकून ओरडले. ताम्हन लाथेने उडालं. मांडव हसला. ती चौथीतली मुलगी तिथेच, ओल्या फ्रॉकमध्ये रडत उभी. पाणी ओतायच्या आधी आजोबांच्या समोर बस, तुझं नाव सांग, हात धर, असं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. हळद-कुंकू कुठल्या बोटाने लावायचं ते मात्र दोनदा पाठ करून घेतलं होतं. घेणारी मीच.

या वेळी आधी फळ्यापासून सुरुवात केली. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात 'वार, दिनांक, पट, हजर' हे ऑइल पेंटने रंगवलेलं आहे. त्यापुढे खडूने आजचं लिहायचं. मी ओलं फडकं फिरवलं. खडूचं गेलं, पेंटचं राहिलं. म्हटलं, आजीचं असं झालंय. सकाळी चहा घेतला हे खडूचं, लग्नात नेसलेला शालू ऑइल पेंटचा. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ते ग्रीक नाव. नवीन आठवण तिथे नोंदली जाते, आणि या आजारात तो लवकर बिघडतो. 'मेला का घोडा?' एकाने विचारलं. म्हटलं, हळूहळू. पुढे पेंटही उडायला लागतो हे त्यांनी स्वतःच विचारून काढलं. लपवलं नाही.

मग मी पदर डोक्यावरून घेतला, खुर्चीत बसले आणि आजी झाले. 'बाळा, आज वार कुठला रे?' पहिल्याने सांगितलं, गुरुवार. पुन्हा विचारलं. गुरुवार. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा विचारल्यावर उत्तर आलं, 'किती वेळा सांगू तुम्हाला!' वर्ग फुटला, कारण तो आवाज हुबेहूब कुणाच्या तरी आईचा होता. बघा, 'तुला' नाही, 'तुम्हाला'. मुलगा आजीला 'अगं' म्हणतो, पण वैतागताना त्याच्या तोंडून सून बोलते.

सातव्या वेळी एक मुलगी उठली. सहसा बोलत नाही ती. 'गुरुवार, आजी. दत्ताचा वार. तुमचा उपास आहे का?' मी नाटक विसरून म्हणाले, 'नाही गं, मी सोमवार करते.' आणि मग लक्षात आलं की तेवढ्या वेळात मी पुढचा प्रश्न विचारायलाच विसरले.

दयेबद्दल मुलांना मी एवढंच शिकवू शकते असं मला आता वाटतं, की पुढचं वाक्य काय बोलायचं. कळवळा आणावा म्हणून येत नाही. वाक्य मात्र पाठ करता येतं, पाढ्यासारखं. आणि भातुकली नुकतीच सुटलेली असल्याने मुलांना ते आपल्यापेक्षा बरं जमतं. रिकाम्या कपातून चहा पिऊन 'साखर जास्त झाली' म्हणायला त्यांना लाज वाटत नाही.

एक वाक्य मात्र मी वर्गात बंद केलं. 'ओळखलंत का मला?' पाहुणा आला की हे पहिलं. 'सांगा बरं मी कोण!' आणि आसपासचे सगळे टाळ्या पिटायला तयार. आईला भेटायला येणारा प्रत्येक जण तिची तोंडी परीक्षा घेऊन जायचा. नाव आलं तर 'अजून चांगलं आहे हो', नाही आलं तर तिच्यादेखत चक् चक्. आई मग हुशारीने हसायची आणि म्हणायची, 'तुम्हाला कोण ओळखणार नाही!' नापास होऊ नये म्हणून धडपडणारं ते हसू मला वर्गात रोज दिसतं, पाढे न येणाऱ्या मुलांच्या तोंडावर. म्हणून मुलांना सांगितलं, जाऊन समोर बसायचं, मागून हाक मारायची नाही, आणि आधी आपण सांगायचं, 'आजी, मी तुमचा नातू, शाळेतून आलो.' संपलं.

एका मुलाला यात खोट दिसली. 'बाई, आजोबा आले का विचारलं तर काय सांगायचं? वारले म्हणायचं नाही आणि आले म्हणालं तर खोटं.' म्हटलं, 'त्यांची वाट बघताय का, असं विचार. मग त्यांच्याबद्दल बोलू दे.' तो जरा विचार करून म्हणाला, 'म्हणजे नरो वा कुंजरो वा.' अजून मला त्याला उत्तर सापडलेलं नाही.

जपानची गोष्टही सांगितली. तिथे या आजाराला 'चिहो' म्हणत, त्या अक्षरांत मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ च्या डिसेंबरात सरकारने तो शब्द बदलून 'निन्चिशो' केला, म्हणजे आकलनाचा विकार. पुढच्याच वर्षापासून साध्या माणसांना, दुकानदारांना, बँकेतल्यांना आणि शाळेतल्या मुलांनाही तास-दीड तासाचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. शिकलेल्याला हातात घालायला नारिंगी कडं मिळायचं. अशी माणसं तिथे एक कोटीहून जास्त झाली आहेत. मुलांना कडं फार आवडलं. मी म्हटलं, शब्दाचं बघू. आपल्याकडे 'स्मृतिभ्रंश' आहे, पण तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, रागातून येणारा, पुढे बुद्धिनाश. कोणाच्या आजीबद्दल बोलताना तो नको वाटतो. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं, 'आजीला आठवत नाही' असं सरळ म्हणायचं. क्रियापद. मराठीच्या बाईला बरं वाटलं.

आपल्या देशात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना, हा त्रास आहे, असा २०२३ मध्ये छापलेला अंदाज आहे. त्यातली कितीतरी घराबाहेर पडतात. माझ्या माहितीतले एक आजोबा स्टँडवर जाऊन महाबळेश्वरच्या गाडीत बसले. पंचाहत्तरीनंतर एसटी २०२२ पासून फुकट, तिकिटासाठी अडवणार कोण? पसरणी घाट चढल्यावर कंडक्टरच्या लक्षात आलं की हे प्रत्येक थांब्यावर 'मेणवली आली का' विचारतात. त्याने पाचगणीला उतरवून चहा पाजला आणि खिशातल्या डायरीवरून फोन लावला. म्हणून मुलांनी वर्गात चिठ्ठ्या लिहिल्या, नाव आणि घरच्यांचा नंबर, आजोबांच्या खिशात ठेवायला. १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा नंबरही वहीच्या पुठ्ठ्यावर आला.

सगळं गोड झालं असं नाही. एका पालकांचा फोन आला, 'स्कॉलरशिपचं वर्ष जवळ आलंय आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?' दोन मुलं आजीची नक्कल फार छान करायला लागली आणि मधल्या सुट्टीत ती करून हशा मिळवायला लागली. आणि एका मुलीच्या आजीने तिच्यावर पैसे चोरल्याचा आळ घेतला. ती मुलगी शाळेत येऊन रडली, 'मी समोर बसले होते, नाव सांगितलं होतं, सगळं केलं होतं.' तिला म्हटलं, हो, कधीकधी सगळं करूनही होतं. आपण मिळून पैसे शोधू म्हणायचं आणि नाहीच जमलं तर उठून बाहेर यायचं, पळून आलीस असं होत नाही.

श्रावणात तिसऱ्या बाकावरच्याने स्वतःहून विचारलं, 'बाई, आमच्या घरी येता का?' चार मुलं आणि मी, जास्त नाही. जुना वाडा, माजघरात आजी. नऊवारी, नाकात जुनी चमकी. पुढ्यात ताटलीत कापूस. तिच्या सुनेने दारातच हळू सांगितलं, 'मुलाचंही नाव आठवत नाही त्यांना आता.' आणि आजी वाती वळत होती. सरकी काढून कापूस बोटांनी विंचरायचा, पुंजका घडी करायचा, वाटीतल्या दुधाचा थेंब चिमटीला लावायचा आणि टोकाला पीळ. फुलवात ताटलीत उभी. नजर दाराकडे, हात आपल्या कामात. हाताची आठवण मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते, उशिरापर्यंत टिकते, हे मी वर्गात सांगितलं होतं. पण पोरं सांगितलेलं विसरून नुसती बघत होती.

नातू समोर बसला. 'आजी, मी आलो शाळेतून. तुझा नातू.'

'बस. हात धुतलेस का?'

त्याने कापूस घेतला. त्याची वात आडवी पडली. आजीने ती उचलली, उलगडली, त्याच्या बोटाला दूध लावलं आणि म्हणाली, 'ढिली नको वळू. देवापुढे लवंडते.' दुसरी वात उभी राहिली, जरा तिरकी. मग बाकीच्या चौघांनी हात पुढे केले. मीही. माझी तिला अजिबात पसंत पडली नाही.

'कुणाची गं तू?' तिने मला विचारलं.

मी माहेरचं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं.

'मग माहेरपणाला आलीस होय. जेवून जा.' अर्ध्या तासात तिने हे मला तीनदा विचारलं आणि मी तीनदा माहेरपणाला आले. तिसऱ्या वेळी नातवाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

निघताना आजीने वर्तमानपत्राच्या तुकड्यात वाती बांधून दिल्या. 'सोमवारी लाव.' मी वाकून नमस्कार केला. आम्ही आळीच्या वळणापर्यंत आलो असू, तेवढ्यात मागून चपलांचा फटफट आवाज. तिसऱ्या बाकावरचा पळत येत होता, हातात आणखी एक पुडी.

'बाई, आजी म्हणते, माहेरवाशीण वाती न घेताच गेली.' धापा टाकत त्याने पुडी पुढे केली. 'मी म्हटलं, देतो नेऊन.'

मी घेतली.